राजरत्न ते कलम ४७ : बाबासाहेब आणि सरकारी दवाखान्याचा प्रश्न

ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात चळवळीचे काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला काही फोन हमखास येतात. घरातले माणूस अत्यवस्थ आहे, कुठे न्यायचे? सिव्हिलला कोणी ओळखीचे आहे का? खासगीत डिपॉझिट मागतायत, केस योजनेत बसेल का? रात्री-अपरात्री येणाऱ्या या फोनमागे एक मोठा राजकीय प्रश्न आहे. लोकांच्या उपचारांची जबाबदारी शेवटी कोणाची?

या प्रश्नावर सध्या दोन मते आहेत. एक मत असे की सरकारने लोकांना विम्याचे कार्ड द्यावे, हप्ता भरावा आणि माणसाने यादीतल्या हव्या त्या रुग्णालयात जावे. दुसरे मत असे की सरकारने स्वतःचे दवाखाने, स्वतःचे डॉक्टर आणि स्वतःची औषधे उभी करावीत आणि ती सर्वांसाठी मोफत ठेवावीत. आपल्या वस्त्यांतल्या तरुणांमध्येही हे दोन्ही गट आहेत. पहिल्या गटाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. सरकारी रुग्णालयातली तासन्‌तासांची रांग, जमिनीवरची गादी आणि अंगावर ओरडणारा कर्मचारी ज्याने सोसला आहे, त्याला खासगी रुग्णालयाचे दार उघडणारे कार्ड सन्मानाचे वाटते.

या वादात बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव फारसे घेतले जात नाही. शिक्षण, पाणी, जमीन, आरक्षण, हिंदू कोड बिल यांच्या संदर्भात आपण त्यांची आठवण काढतो. पण आजारपण, बाळंतपण आणि दवाखाना हे विषय त्यांच्या घरात, सार्वजनिक कामात आणि त्यांनी घडवलेल्या कायद्यांत सतत येत राहिले. त्यांचे आयुष्य या एका बाजूने वाचले, तर आजच्या वादात कुठे उभे राहायचे हे ठरवायला मदत होते.

घरातली मरणे

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. चौदांपैकी जगली ती मोजकीच. बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असताना आई भीमाबाई गेल्या. ज्या काळात लष्करात नोकरी करणाऱ्या, त्यातल्या त्यात बऱ्या परिस्थितीतल्या महार कुटुंबाची ही अवस्था होती, त्या काळात गावकुसाबाहेरच्या घरांत किती पाळणे रिकामे होत असतील याची कल्पना करता येते.

पुढे त्यांच्या स्वतःच्या संसारातही हेच घडले. रमाई आणि बाबासाहेब यांना पाच मुले झाली. यशवंत तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्या वेळी बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते, तरीही परळच्या चाळीतल्या त्या घरावरून मृत्यू मागे फिरला नव्हता. या मुलाच्या जाण्याने ते किती खचले होते, हे त्या दिवसांतल्या त्यांच्या पत्रव्यवहारात दिसते. रमाईंची प्रकृती त्यानंतर सावरली नाही. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्यांचे निधन झाले.

आपण रमाईंना त्यागमूर्ती म्हणतो आणि ते खरेच आहे. पण त्यांच्या वाट्याला आलेले दुःख ही एकट्या आंबेडकर घराण्याची गोष्ट नव्हती. गिरणगावातल्या चाळींत, कोंदट खोल्यांत, अपुऱ्या खाण्यावर आणि सततच्या बाळंतपणांवर जगणाऱ्या हजारो बायांचे आयुष्य असेच होते. राजरत्न गेल्यानंतर दोनच वर्षांनी बाबासाहेब विधिमंडळात बाळंतिणींच्या प्रश्नावर बोलायला उभे राहिले, तेव्हा हे सारे त्यांनी जवळून पाहिलेले होते.

दवाखान्याच्या दारातली जात

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. त्यामागचा बोले ठरावही अनेकांना माहीत आहे. पण त्या ठरावात पाण्याबरोबर आणखी काय होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झालेला तो ठराव सरकारी पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या पाणवठ्यांबद्दल, विहिरींबद्दल आणि धर्मशाळांबद्दल होता. त्याचबरोबर सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले करावेत, असेही त्यात होते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांना दवाखान्यात शिरता यावे यासाठी विधिमंडळात ठराव करावा लागला होता.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर स्पृश्यांनी न्यायालयात दावा लावला. हा दावा दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागल्यावर अपील ठाण्याच्या न्यायालयात आले. तिथेही १९३३ मध्ये तो निकाल कायम राहिला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आपल्या ठाण्याचा या लढ्याशी असा थेट संबंध आहे. तळे नगरपालिकेचे होते आणि त्यावर एका जातसमूहाची मक्तेदारी सिद्ध करता आली नाही, हा त्या खटल्याचा गाभा. जे सार्वजनिक मालकीचे आहे त्यावर हक्क सांगता येतो, त्यासाठी कोर्टात जाता येते. खासगी मालकीच्या दारात आपल्याला बहुतेक वेळा विनंतीच करावी लागते. महापालिकेच्या रुग्णालयाचा विचार करताना हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

दवाखान्यातली जात किती जीवघेणी असते याचे एक उदाहरण बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात नोंदवून ठेवले आहे. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाने लिहिलेले पत्र गांधीजींच्या यंग इंडियात १२ डिसेंबर १९२९ रोजी छापून आले होते. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. छाती भरून आली, श्वास लागेना. डॉक्टर हिंदू होता. अस्पृश्यांच्या वस्तीत यायला आणि रोग्याला हात लावायला तो तयार नव्हता. गावातल्या मोठ्या माणसांचे वजन पडल्यावर आणि दोन रुपये फी मिळाल्यावर तो आला, पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायला लावले. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले. मग त्याच वाटेने ते परत गेले. तिला न तपासताच डॉक्टरने न्यूमोनिया ठरवला, औषध पाठवले आणि पुन्हा यायला नकार दिला. ती तरुण आई मेली.

या घटनेत फी भरलेली होती, डॉक्टर उपलब्ध होता, औषधही होते. तरीही उपचार झाले नाहीत, कारण त्या डॉक्टरला कोणी जाब विचारू शकत नव्हते. आरोग्याच्या वादात आपण पैशांबद्दल पुष्कळ बोलतो, पण नकार देणाऱ्याला उत्तर द्यायला लावील अशी व्यवस्था कोणाची, हा प्रश्न बाबासाहेबांनी नोंदवलेल्या या मरणातून समोर येतो.

त्याच १९२९ साली स्वतः बाबासाहेबांनाही असाच अनुभव आला. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीच्या कामावरून परतताना ते चाळीसगावला उतरले. महाराला टांग्यात बसवायला टांगेवाले तयार होईनात. शेवटी टांगा वस्तीतल्याच एका माणसाने हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. मुंबई विधिमंडळाच्या सदस्याला जातीमुळे हाड मोडून घ्यावे लागले, तिथे सामान्य माणसाची काय कथा!

बाळंतपणाचा भार कोणी उचलायचा?

१९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले. जुलै १९२८ मध्ये तिथे आसवले यांचे प्रसूती लाभ विधेयक चर्चेला आले. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाआधी आणि नंतर सक्तीची विश्रांती आणि त्या काळाचा भत्ता मिळावा, असे ते विधेयक. गिरणीमालकांच्या बाजूने नेहमीचे आक्षेप आले. धंद्यावर बोजा पडेल, इतर प्रांतांत असा कायदा नाही, मुंबईच्या गिरण्या स्पर्धेत मागे पडतील.

२८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा देणारे भाषण केले. त्यातली मांडणी आजच्या वादासाठी फार महत्त्वाची आहे. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा असा की या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचे कल्याण जपणे हे मुळात सरकारचे काम आहे. इतर देशांत असे लाभ दिले जातात तिथे सरकारही पैसा घालते, हे त्यांनी दाखवले. मग तिसरा मुद्दा. सरकार आज तो भार घेत नाही म्हणून बाईने उपाशी राहायचे का? तिच्या कष्टावर नफा कमावणारा मालक जबाबदारीतून सुटू शकत नाही, त्याने आज हा भार उचलावा.

पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला हा असा पहिला कायदा. आजही अनेक जण म्हणतात की सरकारी यंत्रणा सुधारेपर्यंत मिळते ते कार्ड तरी घ्या. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये अंतरिम सोय स्वीकारली होती हे खरे. पण ती स्वीकारताना मूळ जबाबदारी सरकारची आहे हे त्यांनी सभागृहात नोंदवून ठेवले. अंतरिम सोयीलाच अंतिम उत्तर समजण्याची चूक त्यांनी केली नाही.

मजूरमंत्री बाबासाहेब

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. दादरच्या घरातून सुरू झालेला हा विषय आता दिल्लीच्या सरकारी टेबलावर आला. चार वर्षांत त्यांनी कामगार कायद्यांची जी पायाभरणी केली, तिच्यात आरोग्याचा भाग मोठा आहे.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत गेले. खाली उतरून काम पाहिले, मजुरांची घरे पाहिली. १९४४ च्या आरंभी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर कर बसवायचा आणि त्या पैशातून खाणकामगारांसाठी घरे, पाणी, मलेरिया निर्मूलन, दवाखाने उभे करायचे, अशी ही योजना. खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही याच काळात सुधारणा झाल्या.

याच कारकिर्दीतला एक निर्णय मात्र वादग्रस्त ठरला. युद्धकाळात कोळसा कमी पडू लागल्यावर १९४३ मध्ये बायकांच्या भूमिगत कामावरची बंदी सरकारने उठवली. त्यावर देशात आणि परदेशातही टीका झाली. बाबासाहेबांनी सभागृहात सरकारची बाजू मांडली आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, यावर भर दिला. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. बाबासाहेब सरकारात होते तेव्हा सरकारच्या मर्यादाही त्यांच्या वाट्याला आल्या. हे लपवून चरित्र लिहिण्याची आपल्याला गरज नाही.

सर्वात दूरगामी काम वेगळेच होते. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम देण्यात आले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याच अहवालातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. ज्याला आपण ईएसआय म्हणतो तो हाच. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले आणि उल्हासनगरमधले कामगार रुग्णालय ज्या व्यवस्थेचा भाग आहेत, तिचे बीज बाबासाहेबांच्या मजूर खात्यात पडले होते.

या विम्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. त्यात मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात. आज मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. पण पैसा खासगी कंपनीकडे जात नाही. सरकारी महामंडळ तो गोळा करते, स्वतःची रुग्णालये आणि दवाखाने त्यातून चालतात. आजारपणात बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते. कामगाराच्या कुटुंबालाही उपचार मिळतात. म्हणजे बाबासाहेबांच्या काळात आखलेल्या विम्यात दवाखाना हा विम्याचाच भाग होता.

याच सुमारास सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमलेली आरोग्य समिती काम करत होती. १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कोणाचेही उपचार थांबता कामा नयेत, हे त्याचे मूळ सूत्र. आरोग्य हे बाबासाहेबांचे खाते नव्हते, पण ज्या सरकारात ते होते त्याच सरकारसमोर हा विचार आला होता.

इंग्लंडमध्ये १९४२ मध्ये बेव्हरिज अहवाल आला आणि ५ जुलै १९४८ रोजी सर्व नागरिकांसाठी करातून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिथे उपचारांसाठी नोकरी असणे गरजेचे राहिले नाही. आपल्याकडे त्याच १९४८ मध्ये झालेला कायदा कारखान्यातल्या कामगारांपुरता राहिला. भोर अहवालातली सर्वांसाठीची व्यवस्था अर्धीमुर्धीच उभी राहिली. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या मानगुटीवर बसलेला आहे.

घटनेत आरोग्य कुठे आहे?

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी एक निवेदन तयार केले. राज्ये आणि अल्पसंख्याक या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, शेती राज्याचा उद्योग व्हावी, असे आहेच. शिवाय विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असेही आहे. हा आयुर्विमा आहे, आरोग्य विमा नव्हे. तरीही बाबासाहेबांचा कल त्यातून स्पष्ट होतो. ते विम्याच्या विरोधात नव्हते. लोकांच्या असुरक्षिततेवर खासगी नफा कमावू देण्याच्या ते विरोधात होते.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. राज्यघटनेत आरोग्य तीन ठिकाणी सापडते. कलम ४७ नुसार लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे. कलम ४२ मध्ये प्रसूतीविषयक साहाय्याची तरतूद आहे. १९२८ चा मुद्दा देशाच्या राज्यघटनेत आला तो इथे. आणि सातव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्यांच्या सूचीत आहेत.

कलम ४२ आणि ४७ ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांच्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही, हे कलम ३७ सांगते. संविधान सभेतही या तत्त्वांवर दात नसलेली तरतूद म्हणून टीका झाली होती. बाबासाहेबांची भूमिका अशी होती की सत्तेवर कोणीही आले तरी त्याला ही तत्त्वे डावलता येणार नाहीत. न्यायालयात नसले तरी निवडणुकीत मतदारांसमोर त्याचे उत्तर द्यावेच लागेल. म्हणजे कलम ४७ ची अंमलबजावणी त्यांनी आपल्या हातात सोपवली. गेल्या किती निवडणुकांत आपण हे उत्तर मागितले?

न्यायालयांनी नंतर हा धागा पुढे नेला. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर १९९२ मध्ये लोकलमधून पडला. डोक्याला जबर मार लागलेला असताना एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून त्याला परत पाठवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा, कलम २१ चा भंग आहे. पैशांची अडचण हे कारण सरकारला देता येणार नाही. रोज लोकलला लटकून जाणाऱ्या दिवा-डोंबिवली-कल्याणकरांनी हा निकाल पाठ करून ठेवावा असा आहे.

शेवटची वर्षे आणि धम्म

घटनेचे काम चालू असताना बाबासाहेबांचे स्वतःचे शरीर साथ सोडत होते. मधुमेह होता, पायांतल्या मज्जातंतूंचे दुखणे असह्य झाले होते. उपचारांसाठी मुंबईला आले असताना डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय झाला. त्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून शिकलेल्या डॉक्टर. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. माईसाहेबांनी शेवटपर्यंत त्यांचे पथ्यपाणी, औषधे सांभाळली. त्या आजारी शरीरानेच बाबासाहेबांनी संविधान सभेत उत्तरे दिली, हिंदू कोड बिल लढवले, १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले आणि बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहिला.

त्या ग्रंथात बुद्धांनी आजाऱ्यांना कसा धीर दिला याचे स्वतंत्र प्रकरण आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी त्याला धुतले, बिछान्यावर निजवले. मग संघाला एकत्र बोलावून आजाऱ्याची सेवा हा नियम घालून दिला. बुद्ध एकट्याने करुणा दाखवून थांबले नाहीत, त्यांनी पूर्ण संघावर जबाबदारी टाकली. पुढे सम्राट अशोकाने माणसांच्या आणि जनावरांच्या उपचारांची सोय केल्याचे दुसऱ्या शिलालेखात कोरून ठेवले. त्याच अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या सोपाऱ्यात सापडले आहेत. राज्याने दवाखाने काढावेत ही कल्पना आपल्या परंपरेत दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आजचे ठाणे, कल्याण, डोंबिवली

२०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. आता ती कितीतरी वाढली आहे. कल्याणमध्ये महापालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय आहे. केस जरा गुंतागुंतीची झाली की रुग्णाला कळव्याला किंवा थेट मुंबईला सायन, केईएम, जेजेला पाठवले जाते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ५०० खाटांच्या त्या रुग्णालयावर सगळ्या जिल्ह्याचा भार होता आणि काही रुग्ण खासगीतून शेवटच्या अवस्थेत आले होते, असे तेव्हा सांगण्यात आले. ते खरे धरले तरी निष्कर्ष एकच निघतो. खासगीतले पैसे संपले की माणूस शेवटी सरकारी दारातच येतो, आणि ते दार एकच असेल तर तिथे चेंगराचेंगरी होणारच.

त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट २०२३ पासून, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार मोफत झाले. ठाण्याचे सिव्हिल आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय त्यात आले. महापालिकांची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. दुसरीकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करून मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णयही २०२३ मध्येच झाला. या योजनेमुळे आपल्या वस्त्यांतल्या अनेकांची हृदयाची आणि किडनीची उपचारांची सोय झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण योजनेत ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचार बसतात. रोजची ओपीडी, मधुमेहाच्या गोळ्या, मुलाचा ताप, टीबीची सुरुवातीची तपासणी यांसाठी कार्ड चालत नाही. गरीब घर कर्जात बुडते ते अशाच छोट्या छोट्या बिलांनी.

कामगार विम्याचेही तेच. पगाराची मर्यादा २०१७ पासून २१ हजारांवर अडकली आहे. कल्याणच्या नाक्यावर उभा राहणारा मजूर, डोंबिवलीतल्या सोसायट्यांत धुणीभांडी करणारी ताई, रिक्षावाला, फेरीवाला यांच्यासाठी वर्गणी भरणारा मालकच नाही. कंत्राटी सफाई कामगार कायद्याने विम्यात येतो, पण अनेकदा ठेकेदार त्याची नोंदच करत नाही. यांतले बहुसंख्य लोक कोणत्या जातींचे आहेत हे वेगळे सांगायला नको. नोकरीशी किंवा कार्डाशी बांधलेला आरोग्याचा हक्क आपल्याच माणसांना आधी बाहेर ठेवतो. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७ मध्ये ठरवले होते. देश तिथे पोहोचला नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, महाराष्ट्रात तसा कायदा नाही.

काही मित्र म्हणतील, सरकारी दवाखान्यातही जात आहेच की! आहे. नाव विचारून बदलणारा स्वर आमच्या कामात आम्ही ऐकतो. पण काठियावाडच्या त्या डॉक्टरला कोणी जाब विचारू शकत नव्हते. सरकारी डॉक्टरला विचारता येतो. तिथे आरक्षणातून आपली मुले-मुली डॉक्टर, परिचारिका होऊन उभी आहेत. तिथे माहितीचा अधिकार चालतो, तिथल्या बजेटवर नगरसेवकाला मत द्यावे लागते. तिथला सन्मान लढून मिळवता येतो. चवदार तळे बाबासाहेबांनी असेच मिळवले.

तरुण मित्र-मैत्रिणींनो, १४ एप्रिलला आपण वस्तीत रक्तदान आणि आरोग्य शिबिर भरवतो. ते जरूर भरवावे. त्याच मांडवात आणखी एक टेबल लावू या. आपल्या महापालिकेच्या रुग्णालयात डॉक्टरांची आणि परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, औषधांवर गेल्या वर्षी किती खर्च झाला, किती रुग्ण पुढे पाठवले, याचे माहिती अधिकाराचे अर्ज तिथेच भरू या. मिळालेली उत्तरे प्रत्येक विहारात लावू या. महापालिका रुग्णालयांतही सर्व उपचार मोफत हवेत आणि राज्याने आरोग्य हक्काचा कायदा करावा, या दोन मागण्या घेऊन मत मागायला येणाऱ्या प्रत्येकासमोर उभे राहू या. कलम ४७ चा जाब मतदार विचारतील, असा भरवसा बाबासाहेबांनी संविधान सभेत ठेवला होता. तो मतदार म्हणजे आपणच आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!